दहा पौंडांचं इंजिन

इंग्लंडात गावोगावी शनिवार-रविवारी शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जुन्या खेळण्यांचे बाजार भरतात. आगगाड्यांचा माल त्यात भरपूर असतो. टेबलावर, काचेच्या पेटीत, मूळ खोक्यासकट जपलेली इंजिनं. आणि टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात एकमेकांवर पडलेली, कुणाचं कपलिंग तुटलेलं, कुणाचं धुराडं गायब. खोक्यावर मार्करने लिहिलेलं असतं : चालत नाहीत, सुट्या भागांसाठी. संपादकांना काचेतल्या मालावर लेख हवा होता आणि मी गेलेही त्यासाठीच. पण ज्यांच्याबरोबर गेले ते काका थेट टेबलाखाली वाकले. मग मीही वाकले.

काका मूळचे परळचे. तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होते, सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत कारखान्यांतल्या मशीनची देखभाल करत राहिले. आता दहा-बारा पौंडांना बंद पडलेलं इंजिन घ्यायचं आणि चालू करायचं, एवढाच उद्योग. नवं, बारीक तपशिलांचं इंजिन आज दीडशे-दोनशे पौंडांना पडतं. काका त्याच्याकडे बघतही नाहीत.

इंजिन हातात आलं की ते आधी नाकाशी नेतात. मोटरीच्या तारेचं वेटोळं, म्हणजे वायंडिंग, जळलेलं असेल तर वासावरून कळतं म्हणतात. मग उलटं करून चाकांकडे बघतात. चाकं बोटाने फिरत नाहीत, म्हणून नवखा माणूस इंजिन जाम झालंय असं समजून परत ठेवतो. पण तो वर्म गियरचा गुणच आहे : मोटर चाकांना फिरवते, चाकं मोटरला फिरवू शकत नाहीत. “लोक ठेवून देतात, म्हणून मला स्वस्त मिळतं,” काका म्हणाले.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचं पेटंट घेतलं, १९२० मध्ये किल्लीच्या आगगाड्या काढल्या, १९३८ मध्ये त्याच्या कंपनीने लहान आकाराची ‘हॉर्नबी डब्लो’ आणली. दुसरीकडे रोव्हेक्स नावाच्या छोट्या प्लॅस्टिक कंपनीने १९५० च्या नाताळसाठी मार्क्स अँड स्पेन्सरला एक आगगाडीचा संच बनवून दिला. लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने ती घेतली आणि ‘ट्रायँग’ गाड्या सुरू झाल्या. कारखाना समुद्रकाठच्या मार्गेटला गेला. १९६४ मध्ये लाइन्सने हॉर्नबीची मेकॅनो कंपनीही गिळली, १९७१ मध्ये स्वतः बुडाली. हॉर्नबी हे नाव मात्र मार्गेटच्या गाड्यांवर टिकलं. नव्वदच्या दशकात उत्पादन चीनला गेलं.

या गाड्यांचं माप मुळातच लबाडीचं आहे. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशेबाचं. वरचं इंजिन मात्र फुटाला चार मिलिमीटरचं. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, आणि त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून इंजिन फुगवलं, रूळ तसेच ठेवले. ती तडजोड आजही चालू आहे. मोटरीपुढे सगळ्यांनी मान तुकवली, तेव्हा त्या मोटरीकडेच जाऊ.

ट्रायँगची ‘एक्स झिरो फोर’ ही मोटर पन्नासच्या दशकाच्या शेवटी आली आणि पुढे कितीतरी वर्षं तीच इंजिनांत बसत राहिली. हिच्यात लपवलेलं काहीच नाही. तीन दातांचं फिरणारं आर्मेचर, त्याच्या एका टोकाला तीन तुकड्यांचा तांब्याचा कम्युटेटर, दोन बाजूंनी त्याला घासणारे दोन कार्बन ब्रश, मागे चुंबकाचा ठोकळा. दोन्ही ब्रश दाबून धरायला एकच स्प्रिंग, अंबाड्याच्या आकड्यासारखी, दोन पायांची. मला भुरळ पडली ती या स्प्रिंगची. रुळावरची १२ व्होल्ट वीज एका बाजूने चाकांतून थेट चासीत येते, दुसऱ्या बाजूने पत्र्याच्या पट्टीतून वायरीने. स्प्रिंगचा एक पाय चासीकडच्या ब्रशवर उघडाच टेकतो. दुसऱ्या पायावर मात्र इवलीशी नळी चढवलेली असते, वीज अडवायला. ती नळी नसेल तर स्प्रिंगच दोन्ही ब्रश जोडून टाकते आणि सगळं शॉर्ट.

ही नळी फार वेळा गायब असते. साठ वर्षांत कधीतरी कुणा बापाने रविवारी दुपारी मोटर उघडलेली असते, नळी गालिच्यात पडलेली असते, आणि इंजिन खोक्यात गेलेलं असतं ते तो बाप वारल्यावर घर रिकामं करताना बाहेर येतं. काका वायरीचं प्लॅस्टिक तांब्यावरून सोलून दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापतात आणि चिमट्याने चढवतात. खर्च शून्य.

त्यांनी त्या दिवशी घेतलं होतं ‘जिंटी’ : लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेचं सहा चाकी शंटिंगचं इंजिन. खरी जिंटी सव्वाचारशेच्या आसपास बनली, आणि ट्रायँगने तिची खेळणी इतकी खपवली की ती नसलेलं खोकं सापडणं अवघड. घरी टेबलावर दोन वायरी टेकवल्या. काकांचे ठोकताळे साधे आहेत. रुळांना वीज देणारा कंट्रोलर ट्रिप झाला तर नळी बघा. गुणगुणते पण फिरत नाही, तर गियर अडकलाय. अगदीच गप्प, तर ब्रश झिजलेत किंवा चाकं मळलीत. ही गप्प होती. आसांना गालिच्याचे धागे आणि कुत्र्याचे केस गुंडाळलेले, जुन्या तेलाचं लाखेसारखं कवच झालेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं पुसली. कम्युटेटरच्या फटींत बसलेली कार्बनची काजळी दात कोरायच्या काडीने काढली. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्त घातलं की ते कम्युटेटरवर उडतं, काजळीत मिसळून चिखल होतो आणि इंजिन पुन्हा गप्प. जिंटी आधी धक्के देत, मग बऱ्यापैकी आवाज करत टेबलभर फिरली. गोड आवाज नाही तो. शिवणयंत्राचाही याहून बरा.

आता अडचणी. पहिली चुंबकाची. मोटर उत्साहाने पूर्ण सोडवली आणि चुंबक लोखंडी पट्ट्यांपासून वेगळा केला, की त्याची ताकद उतरते. मग मोटर वीज जास्त खाते, तापते आणि डबे ओढत नाही. सोडवायचाच असेल तर त्याच्यावर लगेच लोखंडाचा तुकडा आडवा टेकवावा लागतो. काही जण आता निओडायमियमचे छोटे चुंबक घालतात. काकांना ते पटत नाही, पण चालतं हे ते कबूल करतात.

दुसरी अडचण चाकांची. जुन्या ट्रायँगच्या चाकांच्या कडा जाड आणि दोन चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे आजच्या बारीक सांध्यांवर ती अडकतात, उड्या मारतात. म्हणजे दहा पौंडांच्या इंजिनाला जुने रूळ शोधत फिरा, नाहीतर चाकं बदला.

तिसरीवर इलाज नाही. चासीच्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशाची भेसळ राहिली असेल तर तो धातू आतून फुगतो, भेगाळतो आणि शेवटी चुरा होतो. युद्धापूर्वीच्या गाड्यांत हा रोग सर्रास दिसतो. पण या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये ओतलेल्या काही चासींनाही तो लागला. काचेखालच्या शंभर पौंडांच्या इंजिनाला तो लागू शकतो आणि टेबलाखालची जिंटी ठणठणीत असू शकते. इथे माझं मत काकांच्या बाजूला झुकतं : नवी इंजिनं दिसायला अप्रतिम आहेत, पण त्यांतली बरीचशी उघडताना नाजूक कठडे तुटतात आणि मोटर बिघडली की ती अख्खी फेकून दुसरी घालायची असते, तीही मिळाली तर. जिंटी दुरुस्त होईल असं गृहीत धरूनच बनवली होती.

चौथी अडचण माणसांची. ज्यांनी लहानपणी ही खेळणी मागितली ती पिढी संपत आली आहे. माल घरोघरी बाहेर पडतोय, म्हणून स्वस्त आहे; तो उघडणारे हात कमी होतायत. काकांच्या हाताला कंप आहे. नळी चढवायला त्यांना आता भिंग आणि तीन-चार प्रयत्न लागतात. त्यांच्या मुलांना यात रस नाही.

चालत्या गाड्या बघायची हौस असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे जा. कुणी नातेवाईक विलायतेतून जुनं इंजिन आणणार असेल तर जरूर आणू द्या. तिकडचा कंट्रोलर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. मात्र कंट्रोलर नवा घ्या. पन्नास-साठच्या दशकातला जुना ट्रान्सफॉर्मर इंजिनाबरोबर फुकट देत असतील तरी घेऊ नका : त्याच्या वायरींचं रबर कडकून गळलेलं असतं आणि त्यात घरातली पूर्ण वीज येते.