जाम झालेला बोल्ट

पकड कशाची?
बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्यामुळे जोडलेले भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा या ताणासाठी कामी येतो. बाकीचा बोल्टच्या माथ्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जिरतो. हेच घर्षण पुढे बोल्टला सैल होऊ देत नाही. त्यात गंजाची भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधल्या बारीक फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर घडते. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या टोकाचा बोल्ट तर रबरी बुशाच्या पोलादी नळीतही गंजून धरला जातो. नट सहज निघतो, बोल्ट मात्र जागचा हलत नाही.

तेल आणि ठोके
गंज सैल करणारे तेल अतिशय पातळ असते आणि केशाकर्षणाने फटीत शिरते. आधी उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ केले, तरच त्याला वाट मिळते. या कामासाठी सर्रास वापरला जाणारा ‘डब्ल्यूडी-40’ मुळात ओलावा हटवण्यासाठी 1953 मध्ये अमेरिकेत तयार झाला. नावातला 40 हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. तेल रात्रभर मुरू देणे उत्तम. मधूनमधून माथ्यावर हातोडीचे नेमके ठोके दिले, की ठिसूळ गंजाला तडे जातात आणि तेल आणखी आत उतरते.

पाना आणि पाईप
100 न्यूटन-मीटर टॉर्कसाठी 25 सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे 40 किलोंचा भार द्यावा लागतो; पाईप जोडून लांबी एक मीटर केली, की 10 किलो पुरतात. तोटाही इथेच आहे. बोल्ट सोसू शकणार नाही इतका पीळ हाताला फारसा न जाणवता पडतो. गंजाची पकड सुटते तेव्हा ‘कट्’ असा कोरडा आवाज होतो. आवाज न होता पाना मऊसर फिरू लागला, तर नट सुटत नसून बोल्ट पिळला जात असतो. अशा वेळी थांबून, थोडे उलट आवळून, पुन्हा तेल सोडावे लागते. पुढे-मागे हलवत काढलेला बोल्ट बहुधा शाबूत निघतो. झिजलेल्या कोनांवर बाराकोनी गोटी पाना घसरतो, सहाकोनी टिकतो. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात. जॅकवरच्या गाडीला हिसके देणे जिवावर बेतू शकते.

उष्णता
तापलेला नट प्रसरण पावतो, त्याचे भोकही रुंदावते. 12 मिलिमीटरचा पोलादी नट 300 अंशांनी तापला, तर भोक सुमारे 0.04 मिलिमीटरने वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड मोडायला अनेकदा तेवढे पुरते. बोल्ट नव्हे, भोवतीचा नट तापवायचा, हे त्यातले मर्म. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे होज, रबरी बुश जवळ असतील तर ज्योत वर्ज्य. तेलाने भिजलेला भागही पेट घेऊ शकतो. माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेला बोल्ट लालभडक तापला, की त्याचे मूळ बळ जाते. तो बदलावाच लागतो.

तुटलाच तर
थोडे टोक बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगची उष्णताही मदतीला येते. टोक आत राहिले, तर मधोमध छिद्र पाडावे लागते. ते काम लेथवाल्याकडे सोपवलेले बरे, कारण तिरके छिद्र इंजिनातले आटेच खाऊन टाकते.

पुन्हा बसवताना
आट्यांना जाम-प्रतिबंधक ग्रीस लावल्यास पुढच्या वेळचे कष्ट वाचतात. पण ग्रीसमुळे घर्षण घटते, म्हणून त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. चाकाचे नट कोरडेच बसवावेत, असे अनेक उत्पादक सांगतात ते यामुळेच.