कॉम्प्युटर नक्की कुठे थांबला?

घाटंजीत बसून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायचा, तर अर्धी मजा भाग गोळा करण्यातच असते. प्रोसेसर कुरिअरने येतो, कॅबिनेट नागपूरहून, वीज पुरवणारा एसएमपीएस एखाद्या पाहुण्याच्या बॅगेतून. मग एका रविवारी स्क्रू आवळायचे, वायरी खोचायच्या आणि बटण दाबायचं. आणि यंत्र ढिम्म! ना आवाज, ना उजेड. आता काय, सगळं उचलून यवतमाळला न्यायचं?

जरा थांबा. त्या डब्याच्या आत काय काय घडतं, कुठल्या क्रमाने घडतं, हे एकदा पाहिलं की तुम्ही उलटाच प्रश्न विचाराल: हे असं यंत्र रोज सुरू तरी कसं होतं?

स्वतः कॉम्प्युटर बनवण्याचा मोठा उद्योग महाराष्ट्रात फार आधी होऊन गेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५०च्या दशकात एक अख्खा संगणक घडवला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी म्हटली की ती तापणार आणि कधी ना कधी जाणार. आज तुमच्या तळहातावर मावणाऱ्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, आणि कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर त्यांच्यावर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा! अब्जावधी सूक्ष्म भाग बहुधा ठणठणीत असतात. फसतो तो बोटांनी खोचलेला एखादा जोड.

मग तो जोड शोधायचा कसा? कॉम्प्युटर पायरी-पायरीने जागा होतो. एक पायरी नीट झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. आपण फक्त तो कुठल्या पायरीवर अडला ते पाहायचं.

पहिलं आश्चर्य पहिल्या पायरीच्याही आधीचं आहे. बंद कॉम्प्युटर पूर्ण बंद नसतो. भिंतीवरचा स्विच आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच चालू केला की मदरबोर्डला लगेच ५ व्होल्टचा बारीक पुरवठा मिळू लागतो. तेवढ्यावर बोर्डचा एक कोपरा जागा राहतो आणि बटणाची वाट पाहतो. बटणातून कॉम्प्युटरची वीज जातच नाही. ते दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, बस. तो इशारा मिळाला की बोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला कळवतो: आता सगळं सोड.

म्हणून यंत्र अगदीच मुकं असेल तर आधी ते दोन स्विच पाहा, मग मुख्य २४ पिनांचा कनेक्टर, मग बटणाची ती इवलीशी वायर. ती शेजारच्या पिनांवर बसली असेल तर बटण दिवसभर दाबत बसा! कारागीर काय करतात? बोर्डचं पुस्तक उघडून नेमक्या दोन पिना शोधतात आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवतात. पंखा फिरला? मग बोर्ड आणि एसएमपीएस दोघंही सुटले. दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा.

इशारा पोचला की एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे उभे करतो. पण वीज आली म्हणून प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. वाहकाने दोनदा घंटी दिल्याशिवाय एसटीचा चालक गाडी हलवत नाही, तसंच इथे आहे. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस करड्या वायरीवर वेगळा इशारा देतो. यात १०० ते ५०० मिलिसेकंद जातात. तोवर प्रोसेसरला जागचं हलू दिलं जात नाही.

पंखे एकदाच गर्रकन फिरून थांबले, तर? बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने ते ओळखून स्वतःला बंद करून घेतलं आहे. अनेकदा कारण असतं बोर्डखालचा एखादा पितळी स्टँडऑफ. बोर्डला भोक नसलेल्या जागी तो राहून गेला की बोर्डच्या पाठीवरच्या टाक्याला टेकतो. उपाय सोपा आहे: बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालवून पाहा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्टचा एसी आत गेल्यावर त्याचा तीनशेहून जास्त व्होल्टचा डीसी होतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? कूलरच्या पत्र्याचा तसा अनुभव विदर्भात कुणाला नवा नाही, पण इथली गंमत निराळी आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो! म्हणजे एकही भाग बिघडलेला नसताना झिणझिण्या येऊ शकतात. सॉकेटची अर्थिंग मात्र ताबडतोब तपासून घ्या.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. इथे पहिला संशयित असतो प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर. हा वेगळा कशाला? प्रोसेसरला १२ व्होल्ट चालत नाहीत; त्याला लागतो साधारण १ व्होल्ट. १ व्होल्टवर १०० वॅट द्यायचे तर प्रवाह होतो १०० अँपिअर! घरातले सगळे पंखे, दिवे, फ्रिज आणि कूलर मिळूनही एवढा घेत नाहीत. हे रूपांतर बोर्डवर, प्रोसेसरच्या अगदी शेजारी होतं, आणि त्याला १२ व्होल्ट पुरवतो तो हाच कनेक्टर. तो विसरला की बाकी सगळं नांदतं आणि प्रोसेसर मात्र उपाशी.

वीज मिळाली की प्रोसेसर जागा होतो. पण त्याने पहिली आज्ञा वाचायची कुठून? इंटेलच्या रचनेत तो ४ जीबी पत्त्यांच्या यादीत शेवटून सोळाव्या पत्त्यावर जातो. १९७८च्या ८०८६ या चिपपासून ही प्रथा आहे. तेव्हा यादी १ एमबीची होती, जागा मात्र शेवटून सोळावीच. तिथे बायोसची, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची, पहिली आज्ञा भेटते: अमुक ठिकाणी उडी मार.

आणि अजून तर रॅमच तयार नाही! इतका मोठा प्रोग्रॅम पाटीशिवाय गणित कसं करणार? तो प्रोसेसरमधल्या कॅशलाच तात्पुरती रॅम करून घेतो आणि त्या चिमूटभर जागेत बसून खरी रॅम जागी करतो. एएमडीच्या नव्या प्रोसेसरमध्ये हे काम आतला एक वेगळा छोटा प्रोसेसर आधी उरकतो.

रॅमला जागं करणं सोपं नाही. डीडीआर५ ६,००० वेगाची असेल तर एका वायरीवर सेकंदाला ६ अब्ज बिट धावतात. दोन बिटांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवर रॅमजवळच्या रेघा नागमोडी का असतात, आता कळलं? सगळ्यांची लांबी जुळावी म्हणून. तरीही बारीक फरक उरतोच. म्हणून बायोस एकेका वायरीची वेळ मोजून जुळवतो. पहिल्यांदा सुरू करताना यात काही मिनिटंही जाऊ शकतात. पडदा काळा, माणूस घाबरा. तो बटण दाबून बंद करतो आणि बिचाऱ्या यंत्राला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतो!

थांबूनही डिस्प्ले आला नाही, तर रॅम काढा आणि दोन्ही टोकं ‘टक्’ वाजेपर्यंत पुन्हा दाबून बसवा. जुन्या रॅमला कारागीर खोडरबर फिरवतात. पिनांवरचं सोनं गंजत नाही, पण त्यावर धूळ आणि बोटांचं तेल बसतं. तो मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणून हात हलका ठेवा.

बऱ्याच बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो लागून राहिला, त्या पायरीवर यंत्र अडलं. व्हीजीएचा असेल तर ग्राफिक्स कार्ड नीट बसलंय का आणि त्याची वीज जोडलीय का ते बघा. मॉनिटरची केबल कार्डऐवजी बोर्डला लावली असेल, तर दिवा न लागताही पडदा काळाच राहतो. सेटिंग बिघडल्याचा संशय आला तर प्लग काढून नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे सेटिंग पुन्हा मूळची होतात. प्लग काढलेला असताना घड्याळ चालतं ते याच सेलवर. घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? त्याचं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो. झाला सेकंद!

एवढं करूनही अडलं, तर सगळं काढा आणि फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तेव्हाच कार्ड लावा. मग दर वेळी एकच वस्तू वाढवा. दोन वाढवल्यात तर उत्तर मिळेल, पण कुणाचं ते कळणार नाही. आणि हो, नवी रॅम असेल तर बटण दाबल्यावर खुशाल चहा करायला जा. तुम्ही परत येईपर्यंत तो मोजत असेल, आणि त्याला मोजू द्या.