टँक, ट्यूबलाइट आणि जावा फर्न

"टँकमध्ये खरी झाडं जगत नाहीत, प्लास्टिकचीच टाका" हा सल्ला तुम्ही एकदा तरी ऐकला असेलच. ज्याने आयुष्यात एक मासा पाळलेला नाही तोसुद्धा हा सल्ला छातीठोकपणे देतो. आणि गंमत म्हणजे आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममधला टँक बघितला तर तो खराच वाटतो! गेल्या दोन वर्षांत त्यात तीनदा झाडं लावली गेली आणि तिन्ही वेळा महिनाभरात त्यांचा चहाच्या चोथ्यासारखा गाळ झाला. त्या गाळाने पाणी बिघडलं आणि मासेही गेले. आता रेक्टर सरांनी स्पष्ट सांगितलंय, या सेमला जमलं तर ठेवा, नाहीतर टँक भंगारात जाईल. म्हणून हा लेख. दोष टँकचा नाही आणि नशिबाचाही नाही. प्रश्न उजेडाचा आहे, आणि उजेड म्हणजे शेवटी आपल्याच सिलॅबसमधला विषय!

डोळा फसवतो

पहिली गोष्ट अशी, की आपला डोळा हा फार वाईट मीटर आहे. कॉमन रूममध्ये दोन ट्यूब लावल्या की आपल्याला लख्ख उजेड वाटतो. पण ट्यूबच्या खोलीत टेबलावर जेमतेम दोन-तीनशे लक्स उजेड असतो आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात जवळजवळ 1,00,000 लक्स! फरक शेकडो पटींचा आहे, पण डोळा स्वतःला अॅडजस्ट करून घेतो, म्हणून तो आपल्या लक्षातच येत नाही. झाडाला मात्र ही सोय नाही.

झाडाचा हिशेब अगदी आपल्या पॉकेटमनीसारखा असतो. उजेडात ते साखर बनवतं, ही झाली कमाई. आणि दिवसरात्र श्वासोच्छ्वास करून ती साखर जाळतं, हा खर्च. ज्या उजेडाला कमाई आणि खर्च बरोबरीत येतात त्याला कॉम्पेन्सेशन पॉइंट म्हणतात. उजेड त्याच्या खाली राहिला तर झाड साठवलेल्या पुंजीवर काही दिवस काढतं आणि मग एकेक पान सोडून देतं. नवीन झाडं पंधरा दिवस मस्त दिसतात आणि मग अचानक कुजतात, त्याचं एक मोठं कारण हेच. ती अचानक मरत नाहीत, पहिल्या दिवसापासून उपाशी असतात.

यातली सोयीची गोष्ट म्हणजे हा पॉइंट सगळ्या झाडांचा सारखा नसतो. जंगलातल्या ओढ्याकाठी दाट सावलीत वाढणाऱ्या झाडांचा खर्चच मुळात कमी असतो. ती वाढतात हळू आणि भागवतात थोडक्यात. आपल्याला अशीच झाडं हवीत.

मग जास्त उजेड का नको?

"मग सरळ मोठा फोकस लावू की!" असं कोणीतरी म्हणणारच. इथे लीबिगचा नियम येतो. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन केमिस्टने तो लोकप्रिय केला. नियम साधा आहे. वाढ किती होणार हे सगळ्यात कमी असलेली गोष्ट ठरवते. पिंपाची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहतं.

साध्या टँकमध्ये आखूड फळी असते कार्बन डायऑक्साइडची. हवेतून विरघळून येणारा हा वायू पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो. त्यात तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे उजेड कितीही वाढवला तरी झाडाला तो वापरता येत नाही. तो उरलेला उजेड वापरतं शेवाळ, कारण त्याचं फारच थोडक्यात भागतं. काच हिरवी, पानांवर केसासारखे धागे, आणि पाणी वाटाण्याच्या सुपासारखं! म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावणार नसाल तर उजेड कमीच ठेवायचा. हौस म्हणून टँक खिडकीत ठेवणं तर अजिबात नको. उन्हाने शेवाळ वाढतं आणि एवढंसं पाणी तापतंही पटकन.

आता गणित

एक दीड फुटी टँक घेऊ. 45 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 30 उंच. गुणाकार करा, 33.75 लिटर. खालची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण 28 लिटर.

जुन्या पुस्तकांत गॅलनला इतके वॅट असा नियम सापडतो. तो जाड्या ट्यूबच्या काळातला आहे, एलईडीला लागू पडत नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, किती उजेड देतो ते नव्हे. त्यापेक्षा लुमेन बघा, हल्ली बल्बच्या खोक्यावर छापलेले असतात. कमी उजेडाच्या झाडांसाठी हौशी लोकांचा ठोकताळा आहे, लिटरला 10 ते 20 लुमेन. म्हणजे आपल्या टँकला 280 ते 560. साधा 5 वॅटचा एलईडी बल्ब 450-500 लुमेन देतो. झालं काम! वेगळा महागडा 'अॅक्वेरियम लाइट' घेतलाच पाहिजे असं नाही.

लुमेनमध्येसुद्धा एक गोची आहे. हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे आणि आपला डोळा सगळ्यात जास्त हिरव्या रंगाला, 555 नॅनोमीटरच्या आसपास, प्रतिसाद देतो. झाडातलं क्लोरोफिल मात्र मुख्यतः निळा आणि लाल प्रकाश शोषतं. म्हणून बल्ब घेताना 6500 केल्विन, म्हणजे खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेला घ्या. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळी चिप असते आणि वरचा फॉस्फर त्यातला काही निळा प्रकाश पिवळा-लाल करतो, त्यामुळे झाडाला दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं. ही निळी एलईडी बनवण्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि योगायोग बघा, टँकमध्ये निसर्गासारखा देखावा उभा करण्याची कला जगभर पोचवणारे जपानी फोटोग्राफरही अमानोच, ताकाशी अमानो. एका अमानोने दिव्याला हातभार लावला आणि दुसऱ्याने दिव्याखाली काय करायचं ते दाखवलं!

दिवा टँकच्या लांबीच्या मधोमध, काचेच्या झाकणापासून थोडा वर ठेवा. फूटभर स्वच्छ पाणी फारसा उजेड खात नाही. उजेड खातं ते झाकण! त्यावर धूळ आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग साचतात. दर आठवड्याला ते पुसलं तरी बराच फरक पडतो.

किती तास? सुरुवातीला रोज 6, महिन्याभराने शेवाळ दिसत नसेल तर 7 किंवा 8. त्याहून जास्त नको. कॉमन रूममध्ये मॅच असली की दिवा रात्री दोनपर्यंत चालू आणि परीक्षेत चार दिवस बंद, असं झालं की झाडांचाही केटी लागतो. म्हणून टायमर लावा. फिरत्या चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि मग दुपारचा दिवा रात्री लागतो, तेव्हा बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घेतलेला बरा. लाइट तासभर गेली तर झाडांना काही होत नाही, निश्चिंत राहा. विजेच्या बिलाची काळजी असणाऱ्यांसाठी: 5 वॅट, रोज 7 तास, 30 दिवस, म्हणजे महिन्याला फक्त 1.05 युनिट. रेक्टर ऑफिसला हा आकडा जरूर दाखवा.

आणि एक सेफ्टीची गोष्ट. दिव्याची आणि पंपाची वायर सॉकेटकडे नेताना ती सॉकेटच्या खालपर्यंत लोंबेल असा झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद, नेहमी.

कुठली झाडं लावायची?

जावा फर्न: आग्नेय आशियातल्या ओढ्यांमधलं. याचं आडवं जाड खोड असतं, ते खडीत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. साध्या शिवणाच्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला सैल बांधा, काही आठवड्यांत मुळं स्वतः पकडतात. जुन्या पानांच्या मागे काळे-तपकिरी ठिपके आले तर घाबरू नका, ते बीजाणू असतात, रोग नाही. पानांवरच छोटी पिल्लं येतात, ती काढून दुसरीकडे बांधता येतात.

अनुबियास नाना: पश्चिम आफ्रिकेतलं. पानं जाड, चामड्यासारखी. हेही पुरायचं नाही, बांधायचं. महिन्याला एखादं नवीन पान आलं तरी चांगलं चाललंय समजा. वाढ हळू असल्याने पानावर शेवाळ बसतं, म्हणून दिव्याच्या थेट खाली नको, कडेला लावा.

क्रिप्टोकोरीन वेंटाय: श्रीलंकेतलं. हे मात्र खडीत लावायचं, कारण ते मुळांनी खातं. खडी बारीक, दोन-तीन मिलिमीटरची, आणि थर पाच सेंटिमीटरचा. मुळाशी खताची एक गोळी. याचा एक ड्रामा आहे. नवीन जागेत आलं की आठवड्यात पानं काचेसारखी होऊन विरघळतात. तेव्हा मेलं म्हणून उपटू नका! मुळं जिवंत असतात, बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत नवीन पानं येतात. एकदा लावलं की हलवायचं नाही.

जावा मॉस: दोरा, दगड आणि संयम, एवढंच लागतं. गप्पीची पिल्लं यात लपून वाचतात.

हॉर्नवर्ट: याला मुळंच नसतात. नुसतं तरंगत सोडा. दिव्याजवळ राहतं आणि भराभर वाढतं, त्यामुळे पाण्यातला अमोनिया पटापट उचलतं. नव्या टँकमध्ये माशांच्या दृष्टीने हे सगळ्यात उपयोगी झाड.

आणि होस्टेलचा हुकमी एक्का, मनी प्लांट! पानं हवेत, फक्त मुळं पाण्यात. हवेतला भरपूर कार्बन डायऑक्साइड त्याला मिळतो आणि पाण्यातलं नायट्रेट ते खातं. पानं मात्र पाण्यात बुडवायची नाहीत.

आता दुकानातून काय आणायचं नाही. लालभडक झाडं कितीही सुंदर दिसली तरी बहुतेकांना जास्त उजेड लागतो. आणि लकी बांबूसारखी जमिनीवरची झाडं पाण्यात बुडवून विकायला ठेवलेली असतात. ती पाण्यात पूर्ण बुडालेली जगूच शकत नाहीत, फक्त हळू मरतात. शिवाय नर्सरीत बरीचशी पाणवनस्पतीसुद्धा पाण्याबाहेर वाढवतात. म्हणून टँकमध्ये आल्यावर जुनी पानं गळणं साहजिक आहे. गळलेली पानं रोज उचला आणि नवीन येतात का बघा.

माशांचं काय?

झाडं असली की सगळं आपोआप चालतं असं नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी. हे बॅक्टेरिया बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून आधी झाडं आणि फिल्टर, मग दोन-तीन गप्पी, आणि सगळं ठीक वाटलं तर सहा-सातपर्यंत. गोल्डफिश नको, तो मोठा होतो, झाडं उपटतो आणि घाण फार करतो. दिवा बंद झाला की झाडंही ऑक्सिजन घेतात, तेव्हा एअर पंप रात्री बंद करू नका. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. क्लोरीनचं नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घाला.

सुट्टीत सगळ्यात मोठा धोका उपासमारीचा नाही, जास्त खाण्याचा आहे. निरोगी मोठा मासा आठवडाभर खाल्ल्याशिवाय राहू शकतो. तेव्हा मोठ्या सुट्टीला जाताना खाण्याचा डबा मामांच्या हातात देऊ नका. चिमूटभर खाणं भरलेल्या कागदाच्या पुड्या करून द्या आणि सांगा, "मामा, एक दिवसाआड एकच पुडी, मासे कितीही वर आले तरी!"

नदीत टाकू नका

हॉर्नवर्ट वाढलं की छाटावं लागतंच. ती छाटणी कोणी पुलावरून नदीत टाकू नका. आपल्या नद्यांवर जलपर्णीचा गालिचा आपण बघतोच, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. उलटंही झालंय. आपल्या तळ्यांत साधं वाटणारं हायड्रिला 1950 च्या दशकात टँकच्या हौसेपायी फ्लोरिडात गेलं आणि तिथले तलाव त्याने भरून टाकले. म्हणून छाटलेलं झाड उन्हात कडकडीत वाळवा आणि मग बागेच्या खतात टाका. ट्रेकला गेल्यावर साताऱ्याकडच्या पठारांवरून काही उपटूनही आणू नका. तिथला वायतुरा सह्याद्रीखेरीज जगात कुठेही उगवत नाही.

ज्यांना हात लावायचा आहे त्यांनी शनिवारी जेवणानंतर कॉमन रूममध्ये या. मी दोरा आणि दगड आणतो. एकाने टायमर बघायचा, एकाने झाकण पुसायचं, दोघांनी पाणी बदलायचं. चार जणांची नावं नोटीस बोर्डावर लागली तर रेक्टर सरांशी बोलायला आपल्याकडे काहीतरी असेल.