हिरवा पास्ता, घरच्या हाताचा

पास्ता हा शब्द आता आपल्या घरांतल्या मुलांच्या तोंडी पक्का बसला आहे. भाकरी-भाजीकडे तोंड वाकडे करणारी मुले पास्त्याची ताटली पुसून खातात. म्हणून अनेक आया पालक-टोमॅटोचे चित्र असलेले तिरंगी पास्त्याचे पाकीट आणतात आणि निदान भाजी तरी पोटात गेली, असे समाधान मानतात. त्यांना आमची एकच विनंती आहे. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, ती वाचा. वजनाने जो घटक जास्त, तो यादीत आधी लिहावा लागतो. भाजीची भुकटी तिथे रव्याच्या बरीच मागे, शेवटाकडे सापडते. रंग आला, भाजी आली नाही.

भाजी खरोखर पोटात जायची असेल, तर पास्ता घरी करावा. ज्या घरांत ईदच्या शेवया हाताने होत असत, त्या घरांना हे काम परके नाही.

मार्को पोलोने चीनमधून शेवया नेल्या आणि मग इटलीत पास्ता आला, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती खरी नाही. मार्को पोलोचा जन्म १२५४ चा. त्याच्या शंभर वर्षे आधी, ११५४ मध्ये, अल्-इद्रीसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी आपला ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि जहाजे भरभरून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जाते, असे त्याने नोंदवले आहे. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या शेवयाच. हाच अरबी शब्द पोर्तुगालमध्ये ‘अलेत्रिया’ होऊन राहिला आहे. तिथे या नावाने दूध, साखर, अंडी आणि दालचिनी घालून शेवयांचे गोड करतात. वर्णन वाचून शीर खुर्म्याची आठवण येणारच.

भाजीचा ताजा पास्ता मात्र उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराची खासियत. तिथली हिरवी लझान्या पालक घालून मळलेल्या पिठाची असते. पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्या एकत्र वाढल्या की त्या पदार्थाला ‘पेंढा आणि गवत’ म्हणतात. पोळी लाटणाऱ्या बायकांना तिथे ‘स्फोलीना’ असे खास नाव आहे. त्यांचे लाटणे जवळपास मीटरभर लांब असते. आपल्याला त्याची गरज नाही. पिठाचे चार गोळे केले की घरचे पोळपाट-लाटणे पुरते.

तीन-चार माणसांसाठी ३०० ग्रॅम मैदा, २ अंडी आणि शिजवून पिळलेला ७५ ग्रॅम पालक एवढे पुरे. पाव किलो निवडलेल्या पानांतून तेवढा सहज निघतो. सगळी मेख या ‘पिळलेला’ शब्दात आहे. पालकात पाणी फार. ते राहिले की पीठ सैल होते, मग बाई वरून मैदा घालत जाते आणि शेवटी पास्ता गोंदासारखा लागतो. म्हणून पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावीत, म्हणजे हिरवा रंग टिकतो. मग सुती फडक्यात बांधून दोन्ही हातांनी पिळावीत. पाणी थांबले असे वाटले की आणखी एकदा पिळावीत. मग अंड्यांबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावे.

गाजर किंवा लाल भोपळा असेल, तर तो पाण्यात न शिजवता वाफवावा आणि वाटून तव्यावर घट्ट होईपर्यंत परतावा. गाजराचा रंग उकळतानाही टिकतो. बीटचा रंग पाण्यात उतरतो. परातीत गुलाबजांभळे दिसणारे पीठ ताटात फिकट गुलाबी होते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे!

पीठ पुरीच्या पिठासारखे घट्ट हवे. आठ-दहा मिनिटे तळहाताच्या जोराने मळावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे. हा अर्धा तास वाचवू नये. न विसावलेले पीठ लाटले की आक्रसून मागे येते. मग खालचा हात दिसेल इतकी पातळ पोळी लाटावी, वर बारीक रवा भुरभुरावा, सैल गुंडाळी करून सुरीने पट्ट्या कापाव्यात आणि लगेच मोकळ्या कराव्यात. रुंदी किती? बोलोन्याच्या मंडळींनी १९७२ मध्ये शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर ठरवून सोन्याचा नमुनाच तिथल्या वाणिज्य मंडळात ठेवला. आपल्याकडे मुले कापायला बसली की सहा ते वीस काहीही होते, आणि तेही चवीला तितकेच चांगले लागते.

नुसत्या चक्कीच्या कणकेचा पास्ता लाटताना चिरतो, कारण कोंडा पिठाचा चिवटपणा तोडतो. निम्मी कणीक, निम्मा मैदा चालतो. अंडे नको असेल, तर बन्सी गव्हाचा बारीक रवा घ्यावा. पास्त्याला जो कडक गहू लागतो, त्याच जातीचा हा. त्यात भाजीचा लगदा आणि कोमट पाणी घालून पीठ मळावे. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात बायका गल्लीत दारासमोर बसून अशाच बिनअंड्याच्या पिठाचे ‘छोटे कान’ अंगठ्याने वळतात. आपल्याकडच्या नखुल्यांसारखेच काम, आणि लाटणेही लागत नाही. घरातल्या नानी-दादींना हा प्रकार द्यावा. त्यांची बोटे पहिल्याच दिवशी आपल्याला मागे टाकतील.

भरपूर उकळत्या पाण्यात, लिटरला साधारण दोन लहान चमचे मीठ घालून, ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो. पाकिटावरचे दहा मिनिटांचे गणित इथे लावू नये. वरून लसूण-टोमॅटो पुरे, पण खिमा घातला तर बातच और. बोलोन्यातला खिम्याचा रस्सा प्रसिद्ध आहे. तिथे त्यात डुकराचे मांस आणि वाइनही पडते, म्हणून कृती तशीच्या तशी उचलू नये. मटणाचा खिमा मंद आचेवर टोमॅटो आणि थोड्या दुधात मुरू द्यावा. चीज घेतानाही लेबल वाचावे. अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. हिरवा ठिपका असलेले चीज घेतले तर हा प्रश्न उरत नाही.

आता हिशेब. पाव किलो पाने तिघा-चौघांत गेली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम कच्च्या पालकाइतकी भाजी आली. हे पाकिटापेक्षा कितीतरी बरे. तरीही ताटात शेजारी काकडी किंवा कोशिंबीर हवीच. आणि ‘यात पालक आहे’ हे मुलांपासून लपवू नये, असे आम्हाला वाटते. ज्याने स्वतःच्या हाताने पालक पिळला, तो त्याच्या चवीवर सहसा कुरकुरत नाही.

उरलेल्या कच्च्या पट्ट्या शेवयांसारख्या वाळवून डब्यात भरण्याचा मोह होईल. अंडे आणि ओली भाजी असल्याने, विशेषतः पावसाळी हवेत, ते करू नये. रवा लावून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये एक दिवस, नाहीतर बर्फाच्या कप्प्यात महिनाभर ठेवाव्यात. तिथून काढल्या की न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडाव्यात.