फुटबॉलमधील ४-२-४ हा आक्रमक व्यूह : स्वरूप, भारतीय अनुभव व मर्यादा

प्रस्तावना

फुटबॉलमध्ये आघाडीला अधिक खेळाडू ठेवले की खेळ आक्रमक होतो, असा सर्वसाधारण समज आढळतो. वास्तविक आक्रमकता ही आघाडीवीरांच्या संख्येपेक्षा तीन फळ्यांमधील श्रमविभागणीवर अवलंबून असते. ४-२-४ या व्यूहाच्या आधारे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

व्यूहाचे स्वरूप

व्यूहाच्या आकड्यांत गोलरक्षकाची गणना होत नाही. ४-२-४ मध्ये चार बचावपटू, दोन मध्यरक्षक व चार आघाडीवीर असतात. आघाडीवीरांपैकी दोघे मैदानाच्या दोन्ही कडांना, तर दोघे मध्यभागी खेळतात. त्यापूर्वी रूढ असलेल्या ‘डब्ल्यू-एम’ पद्धतीत बचावात तीनच खेळाडू असत व मधल्या आघाडीवीरावर एकच बचावपटू लक्ष ठेवी. त्याच्यासमोर एकाऐवजी दोन आघाडीवीर आले की त्याची कोंडी होते. त्याच्या मदतीस कडेचा बचावपटू आत सरकला, तर कडेची जागा मोकळी होते. प्रतिस्पर्ध्यास अशा पेचात टाकणे हेच या व्यूहाचे मर्म आहे.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. त्या सामन्यात हिदेगकुटी हा मधला आघाडीवीर मागे सरकून खेळला आणि ‘डब्ल्यू-एम’ची ही उणीव उघड झाली. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या विजयाने ४-२-४ जगमान्य झाला.

भारतीय अनुभव

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात या व्यूहाच्या आरंभीच्या प्रयोगाशी सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव जोडले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच प्रशिक्षणाखाली भारताने ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळविला. त्यात मुंबईच्या टाटा संघाचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला, परंतु भारत १-४ असा पराभूत झाला. अखेरीस संघास चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग हे बचावपटू डोक्यास दुखापत झाल्याने रहीम यांनी आघाडीस आणले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले. त्यातील एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. उपलब्ध खेळाडू पाहून व्यूह बदलण्याची ही दृष्टी विशेष लक्षणीय होय.

मर्यादा

४-२-४ चा सर्वाधिक भार दोन मध्यरक्षकांवर पडतो. चेंडू गमावताच त्यांना मैदानाची संपूर्ण रुंदी सांभाळावी लागते. प्रतिस्पर्ध्याने मधल्या फळीत तीन खेळाडू ठेवल्यास हे दोघे संख्येने कमी पडतात. ब्राझीलचा डाव्या कडेचा आघाडीवीर झगालो १९५८ मध्येच मागे येऊन मधल्या फळीस साहाय्य करीत असे. पुढे त्यातूनच ४-३-३ रूढ झाला. येथे शारीरिक क्षमतेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. त्या काळी भारतातील देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे, तर आंतरराष्ट्रीय सामने ९० मिनिटांचे असत. अखेरच्या वीस मिनिटांतील दमछाक कोणताही व्यूह भरून काढू शकत नाही.

निष्कर्ष

व्यूह म्हणजे केवळ आकड्यांची मांडणी नव्हे, तर कोणी केव्हा पुढे जावे व कोणी मागे थांबावे याविषयीचा संघातील करार होय. भिवंडीसारख्या शहरातील महाविद्यालयीन संघांच्या दृष्टीनेही हा विचार उपयुक्त आहे. जेथे एकत्रित सरावास अवधी थोडा मिळतो, तेथे प्रसिद्ध संघाच्या व्यूहाचे अनुकरण करण्यापूर्वी आपल्या दोन मध्यरक्षकांचा दम व कडेच्या आघाडीवीरांची मागे परतण्याची तयारी तपासावी. ती नसल्यास एक आघाडीवीर कमी करून मधली फळी भक्कम करणे इष्ट. त्यामुळे आक्रमण दुर्बळ होत नाही. उलट ते अखेरपर्यंत टिकते.