मूळ व्हाउचरपर्यंत

संगणकावर चाललेले काम अचानक थांबते आणि काळ्या पडद्यावर दोनच शब्द उमटतात : ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. प्रोग्रॅमने मेमरीतल्या आपल्या नसलेल्या जागेत हात घातला आणि लिनक्सने त्याला तिथेच थांबवले, एवढाच त्याचा अर्थ. हात कुठल्या ओळीने घातला, याविषयी चकार शब्द नाही. यावर आपल्याकडे सर्वमान्य तोडगा आहे : बंद करून पुन्हा चालू करा!

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे या तोडग्याने भागेना. पायथन भाषेतला तिचा प्रोजेक्ट तास-अर्ध्या तासाने कोसळत होता आणि सादर करायला आठ दिवस उरले होते. दुकानदार म्हणाला, नवा संगणक घ्या. वडिलांची नोकरी नुकतीच सुटलेली. तो विषयच नव्हता. तेव्हा तिने पायथनचा सोर्स कोड, म्हणजे लाखो ओळींचा मूळ मजकूर, उतरवून घेतला आणि घरीच कंपाइल करायला बसली.

पहिली आज्ञा ‘कॉन्फिगर’. ती यंत्रात काय आहे, काय नाही याची झडती घेते. ‘मेक’ त्या मजकुरातून चालता प्रोग्रॅम घडवते. ‘मेक टेस्ट’ त्याची परीक्षा घेते. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ न म्हणता ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ म्हणायचे, म्हणजे नवे पायथन जुन्याच्या शेजारी राहते. लिनक्सची स्वतःची कितीतरी कामे त्या जुन्यावर चालतात. त्याला धक्का लावायचा नसतो.

हा खटाटोप का, हे बँकेत उमेदवारी केलेल्याला लगेच कळेल. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की फरकाला नऊने भागून पाहायचे. भाग गेला, तर दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय : ५४० च्या जागी ४५०. पण संशयावर दुरुस्ती होत नाही; मूळ व्हाउचर हाती यावे लागते. तयार मिळणारा प्रोग्रॅम म्हणजे नुसती बेरीज. सोर्स कोड म्हणजे व्हाउचरांचा गठ्ठा.

तिने पायथन आणि त्याला जोडलेली चित्रांची लायब्ररी, दोन्ही दोषशोधनाच्या खुणांसह कंपाइल केली. आता कोसळताच ‘जीडीबी’ या साधनाने फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक सांगितला. लायब्ररीत मेमरीची एक जागा आधी मोकळी केली जात होती आणि मग वापरली जात होती. दोन ओळींचा क्रम बदलला. त्या रात्री प्रोग्रॅम सकाळपर्यंत चालला. प्रोजेक्ट वेळेत गेला. दुरुस्ती तिने लायब्ररीच्या कर्त्यांनाही कळवली.

हे शक्य झाले, कारण ते व्हाउचर पाहण्याचा हक्क कुणीतरी राखून ठेवला होता. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा खुला केला. आपल्या पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प अशीच खुली साधने कॉलेजांपर्यंत नेतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यातून रोज सकाळच्या लोकलने कितीतरी मुले-मुली संगणकाच्या नोकरीला जातात. घरात एखादे पोर रात्री उशिरापर्यंत काळ्या पडद्यावर धावणारी अक्षरे पाहत बसले असेल, तर लगेच रागावू नका. कदाचित ते व्हाउचर शोधत असेल.