आकाशाचं पहिलं पुस्तक

मुलाला ताऱ्यांचं वेड लागलं की पालक दुकानातलं सर्वांत जाड, चकचकीत पुस्तक उचलतात. कृष्णविवरांची चित्रं पाहून पोरगं हरखतं; पण रात्री गच्चीवर गेल्यावर त्याला मृग नक्षत्र काही सापडत नाही.

म्हणून आधी नकाशे पाहावेत. गावाचे अक्षांश जितके, साधारण तितक्याच अंशांवर ध्रुवतारा दिसतो: मुंबईत १९, लंडनमध्ये ५१. लंडनच्या आकाशात अगस्त्य उगवतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या रात्री तो दक्षिणेला ठळक चमकतो. परदेशी नकाशांचं पुस्तक इथं निम्मं वायाच म्हणायचं.

मग आवृत्तीचं साल. प्लूटोला बिनदिक्कत नववा ग्रह म्हणणारं पुस्तक बहुधा २००६ पूर्वीचं.

जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मराठीतून विषयाची पक्की ओळख करून देतं. तारे ओळखायला मात्र जोडीला साधा फिरता नकाशा हवाच. कॉलेजात जाणाऱ्या, इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ओपनस्टॅक्सचं ‘ॲस्ट्रॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक उत्तम. त्यात गणित बेताचंच आहे आणि ते इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतं.